काय रे उंटा

पाठीत थाप बसली तेव्हा त्याने आधी बॅग छातीशी धरली. बसस्टॉपवर माणसाच्या पाठीला हात लावणारे दोनच, एक चोर नाहीतर एक ओळखीचा, आणि या शहरात त्याच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मग मागून आवाज आला, "काय रे उंटा, मेलास की काय?" वळून बघतो तर साधारण त्याच्याच वयाचा, सव्वीस-सत्तावीसचा, गोल चेहऱ्याचा एक इसम. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि हसणं असं की पार मागच्या दाढांपर्यंत दिसावं. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? अहो, तुमची काहीतरी चूक होतेय, असं म्हणून बाजूला झाला असता. त्याच्याही जिभेवर तेच वाक्य आलं होतं. पण तोवर तो 'रे' कानात शिरला होता, आणि शिवाय त्याची उंची सहा फूट, मानेला पोक, शाळेत त्याला शिडी म्हणायचे, कॉलेजात खांब. उंट हे काही त्याला अंगाबाहेरचं वाटलं नाही. "नाही," तो म्हणाला, "आहे." समोरच्याचं हसणं क्षणभर थांबलं. शिंपी कापड बघतो तसं त्याने याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग पुन्हा हसून तो म्हणाला, "आहेस ना? मग चल, चहा घेऊ." आणि बस समोर येऊन उभी असताना हा त्याच्या मागे निघाला.

अकरा महिने झाले होते त्याला कुणी 'रे' म्हणून. हे त्याने मोजलं होतं असं नाही, पण त्या दिवशी चहाच्या टपरीवर उभं राहिल्यावर आपोआप मोजलं गेलं. वडिलांचा फोन यायचा, पण ते मुळातच तार केल्यासारखं बोलणारे. बरं आहे ना, बरं आहे, ठेवतो. आई असती तर बोलली असती, पण आई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षालाच गेली. वहिनी त्याला भावजी म्हणायची आणि भाऊ तिच्या शेजारी बसून मान हलवायचा. शाळेतल्या पोरांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात चाळीस-पंचेचाळीस नावं होती, आणि वाढदिवसाला त्यातल्या सात जणांनी एकच केकचं चित्र पाठवलं होतं. खोली होती, खोलीला खिडकी होती आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. शनिवारी संध्याकाळी कुलूप उघडून आत गेला की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून अक्षर निघायचं नाही, आणि सोमवारी पहिला शब्द असा घोगरा यायचा की लॅबमधले विचारायचे, सर्दी झाली का हो? मग त्याने युक्ती काढली. रविवारी दुपारी खाली वाण्याकडे जायचं आणि म्हणायचं, एक काडेपेटी द्या. खोलीत चौदा काडेपेट्या साठल्या होत्या. लायटरने पेटणारी शेगडी होती त्याची.

काम होतं कवळ्या करायचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे डब्यांत घालून पाठवायचे, त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. डब्यावर फक्त नंबर आणि दाताच्या रंगाचा आकडा. माणूस कधी दिसायचाच नाही. तोंडावर मास्क, कानात घासायच्या मशीनची घरघर, त्यामुळे बोलणं हे असलं तर खुणांचं. थोरले कारागीर सगळ्यांना अहो-जाहो करायचे आणि अकरा महिन्यांनंतरही याला 'नवीन' म्हणायचे. "अहो नवीन, तो खालचा साचा सरकवा." त्यांचा एक ठरलेला विनोद होता, आठवड्यातून दोनदा तरी व्हायचाच: आपण फक्त दाखवायचे दात करायचे, खायचे ज्याचे त्याने बघावेत. शेजारच्या टेबलावर याच्याच वयाचा एक होता, दातांवर बसवायच्या चिनी मातीच्या टोप्या करायचा. तिसऱ्या महिन्यात एकदा हा धीर करून त्याला म्हणाला होता, "चल की रे, चहाला जाऊ." त्याने मास्क खाली केला, अगदी सौम्यपणे म्हणाला, "नको, तुम्ही जाऊन या." त्या 'तुम्ही'ने याला असं काही भाजलं की पुढचे दोन महिने त्या टेबलाकडे त्याने मान वळवली नाही. मराठीत हे एक भारी आहे. दार तोंडावर आपटायचं असेल तर आपटावं लागत नाही, नुसतं 'तुम्ही' म्हटलं की झालं.

त्यामुळे गादीवाला भेटला म्हणजे काय भेटलं, हे समजायला त्या चौदा काडेपेट्या बघायला हव्यात. गादीवाला हे नाव त्यानेच सांगितलं, म्हणजे चहा पिताना म्हणाला, "गादीवाला म्हणायचास ना मला, आता काय झालं, विसरलास?" बसस्टॉपच्या समोर पलंग-गाद्यांचं मोठं दुकान होतं, तिथे तो विक्रीला होता. दिवसभर लोकांना गाद्यांवर आडवं करायचं आणि विचारायचं, कंबरेला कसं वाटतंय? चहात याने साखर मागितली तर तो म्हणाला, "साखर कधीपासून रे? बिनसाखरेचा प्यायचास तू." आणि हा बिनसाखरेचा प्याला. कडू लागला. दुसऱ्या घोटाला कमी कडू लागला. असं खोटं बोलताना माणसाचे कान गरम होतात म्हणे, याचे झाले नाहीत. त्याला वाटलं, एक-दोन दिवस आपण हा उंट होऊन बघू, मग सांगून टाकू, आणि तोही हसेल, म्हणेल, अरे गाढवा, आधी नाही का सांगायचं, आणि तोवर ओळख झालेलीच असेल. सगळी लबाडी माणूस अशीच सुरू करतो, परतीचं तिकीट खिशात आहे असं समजून. एक गोष्ट मात्र त्याने पहिल्याच दिवशी पाहिली, कारण दात पाहणं हा त्याचा धंदाच. गादीवाल्याच्या दाढा घासून सपाट झाल्या होत्या. सव्वीस वर्षांच्या माणसाच्या दाढा साठीच्या म्हाताऱ्यासारख्या. हा झोपेत करकरा दात खातो, त्याच्या मनात आलं, आणि मग चहाचे कप परत देण्यात ते राहून गेलं.

पुढे रविवार ठरला. गादीवाल्याची खोली दुकानापासून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. दोन कॉट, एक कपाट, गच्चीत जायचा अरुंद जिना. एक कॉट गादीवाल्याची आणि दुसरीवर चादर घट्ट खोचलेली, उशीला खळगा नाही. "बस ना आपल्या जागी," तो म्हणाला, आणि हा त्या दुसऱ्या कॉटवर बसला. दुपारभर गादीवाला जुन्या गोष्टी काढायचा. आठवतं, गच्चीवर तू टाकीवर चढून भाषण ठोकलं होतंस? आठवतं, माझ्या तापात तू तीन दिवस कामावर गेला नव्हतास? हा आधी नुसता हं हं करायचा. मग एक-दोन शब्द घालायला लागला. टाकीतलं पाणी गार होतं, नाही? हो ना, बर्फासारखं. सहाव्या-सातव्या रविवारी अशी पाळी आली की लॅबमध्ये मेण तापवताना त्याला टाकीचा खरबरीत पत्रा तळपायाला जाणवला आणि खाली उभा राहून टाळ्या पिटणारा गादीवाला दिसला, आणि त्याचे डोळे भरून आले. मेण उतू गेलं. थोरले कारागीर म्हणाले, "अहो नवीन, लक्ष कुठंय?" लक्ष एका मैत्रीत होतं जी त्याने केलेली नव्हती. पण सुख खरं होतं, त्याला कोण काय करणार? त्याने काडेपेट्या घेणं बंद केलं. सोमवारी त्याचा आवाज साफ येऊ लागला. चिनी मातीवाल्याशी तो आपण होऊन दोन वाक्यं बोलला आणि तो 'तुम्ही' म्हणाला तरी त्याला काही वाटलं नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे तो दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नाही.

खटकत नव्हतं असं नाही. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर गादीवाला दर वेळी थांबायचा. तिथे एक काकू राहायच्या, गुडघ्यांनी अधू, दार उघडं टाकून आतल्या खोलीत पडून असायच्या, त्या दिसायच्या नाहीत, नुसता रेडिओ ऐकू यायचा. तिथे थांबून गादीवाला मोठ्याने म्हणायचा, "काकू, उंट आलाय बरं का!" आतून आवाज यायचा, "आला का बाबा? बरं झालं. बरेच दिवस पावलं एकाचीच वाजत होती." मग गादीवाला याला कोपराने ढोसायचा आणि हा म्हणायचा, "हो काकू." वर खोलीत गेल्यावर दार लावलं की तोच गादीवाला असा गप्प व्हायचा की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यावं. हळूहळू याच्या ध्यानात आलं की 'उंट' हा शब्द जिन्यावर, टपरीवर, चार लोकांत मोठ्याने निघतो, बंद खोलीत एकदाही नाही. शिवाय त्याने याला कधी विचारलं नाही, इतके दिवस कुठे होतास, आता कुठे काम करतोस, कुठे राहतोस. इतका जुना मित्र भेटला तर माणूस दुसरं काय विचारतो? याने स्वतःचीच समजूत घातली, असतात काही लोक, नसतात भोचक. मग एका रविवारी चहा गाळताना गादीवाला पाठमोरा म्हणाला, "साखर नको ना, त्याला चालायची नाही." त्याला. खोलीत दोघेच. चहाची धार मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू झाली. याने ऐकलं आणि चादरीच्या सुरकुतीवरून हात फिरवत राहिला. दोघांनीही कप उचलले, पावसाळी हवेबद्दल बोलले. त्या क्षणी उठून जायला हवं होतं. पण बाहेर काय होतं? बाहेर भिंतीसमोरची खिडकी होती.

पुढच्या रविवारी दूध फाटलं म्हणून गादीवाला पिशवी आणायला खाली गेला, आणि हा कपाटातून कप काढायला उठला. कपांच्या मागे कागदाखाली एक फोटो होता. दुकानातल्या लोकांचा असावा, तिघे एका पलंगावर उभे, मागे गाद्यांची चळत. मधला गादीवाला, हसतोय. एक टकला थोराड. आणि तिसरा गादीवाल्याच्या खांद्याला लागेल एवढा, चष्मा लावलेला, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. फोटो उलटा केला तर मागे पेनाने लिहिलं होतं, डावीकडून मालक, गादीवाला, उंट. त्याने पुन्हा सुलटा करून डावीकडून मोजलं. पुन्हा मोजलं. माणूस बदलेना. तेवढ्यात दार उघडलं. गादीवाल्याने याच्या हातात काय आहे ते पाहिलं, दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली, कात्री शोधली.

"हा उंट?" याने विचारलं.

"हो."

"हा तर बुटका आहे."

"म्हणून तर उंट," गादीवाला म्हणाला. "लंबूला उंट म्हणण्यात काय गंमत? त्याला कोणीही म्हणेल."

तो हसलाही थोडा, आणि कसं सांगावं, यालाही हसू आलं. मग ते ओठांवरच वाळलं. म्हणजे पहिल्या दिवशी, बसस्टॉपवर, चूक झालीच नव्हती. लंब्या माणसाकडे बघून कोणी त्या बुटक्याला हाक मारणं शक्यच नव्हतं. "मग मला का हाक मारलीस?" त्याने विचारलं, आणि आपण अजून 'मारलीस'च म्हणतोय हे त्याला जाणवलं. गादीवाला भांड्यात दूध ओतत म्हणाला, "दुकानाच्या काचेतून तू दिसायचास. रोज. समोर बस यायची, जायची, तू चढायचा नाहीस. दोन-दोन, तीन-तीन सोडायचास. मी मालकाला म्हटलं, ह्याला घरी कोणी नाही बघा. चार महिने बघत होतो मी." आता लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पायापासून वर चढली. पण तिच्याखाली काहीतरी ऊबदार हललं, ते त्याला स्वतःलाही सहन झालं नाही. चार महिने कुणीतरी आपल्याला बघत होतं. किती बस सोडतो ते मोजत होतं. आई गेल्यापासून इतकं कुणी बघितलं नव्हतं.

"आणि तो कुठे आहे?"

"गेला," गादीवाला म्हणाला.

आपल्या भाषेत हा शब्द फार सोयीचा आहे. बाजाराला गेलेलाही गेला आणि कायमचा गेलेलाही गेलाच. गेला म्हणजे कुठे, असं विचारलं असतं तर उत्तर एकच आलं असतं, या बाजूचं किंवा त्या बाजूचं. याने विचारलं नाही. गादीवाला दुधाकडे बघत होता आणि जबडा एका बाजूला सरकवून दाढेवर दाढ फिरवत होता, त्याचा बारीक आवाज येत होता. "भांडलो आम्ही," तो म्हणाला. "गच्चीच्या जिन्यावर. क्षुल्लक कारण. त्याला खोली सोडायची होती, दुसऱ्या कुणाबरोबर राहणार होता. मी म्हटलं, सहा वर्षं काढली आपण. तर म्हणाला, तुझा कंटाळा आला. असं म्हणतं का कुणी कुणाला?" दूध वर आलं, त्याने गॅस बंद केला. मग अगदी साध्या आवाजात, दुकानात गादीचे भाव सांगावेत तसं, त्याने पुढचं सांगितलं. उंटाची आई गावी एकटीच असते. डोळ्यांना फारसं दिसत नाही. दर आठवड्याला फोन करते, आजवर उंट कामावर आहे, बाहेरगावी आहे, आजारी आहे, घसा बसलाय, असं सांगून भागवलं. आता म्हणते, पोलिसांकडे जाते. "पुढच्या रविवारी तू बोल. जास्त नाही. आई, मी बरा आहे, एवढंच. घसा बसलाय म्हणून तुटक बोल. मग ती गप्प बसेल आणि आपले रविवार आपले." आणि नाही म्हटलं तर, हे याने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. फक्त त्याने याच्या कपात, पहिल्यांदाच, दोन चमचे साखर घातली.

तो आठवडा कसा गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो रोज पहिलीच बस पकडायचा, काचेकडे न बघता चढायचा, आणि बस वळली की मान मोडेपर्यंत मागे बघायचा. पोलीस चौकी वाटेत होती. बुधवारी तो तिथे उतरला. आत टेबलामागे एक जण रजिस्टरात लिहीत होता, त्याने मान वर न करता विचारलं, "बोला, काय काम?" काय सांगायचं? एक माणूस आहे, त्याचं नाव मला माहीत नाही, तो गेलाय, म्हणजे कसा गेलाय ते माहीत नाही, आणि तीन महिने तो मी आहे? "काही नाही," तो म्हणाला आणि बाहेर आला. लॅबमध्ये त्याच्यासमोर एक खालचा साचा आला, त्यात पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला होता. असे हजारो असतात. त्याने नंबर पाहिला, कुठल्या डॉक्टरचा ते पाहिलं, तिथे फोन करून विचारलं, एका बाईचा साचा होता. तरी त्याने तो साचा पालथा करून ठेवला. शनिवारी संध्याकाळी खोलीत शिरून त्याने कुलूप आतून लावलं, उद्या जायचं नाही असं ठरवलं, आणि कॉटवर पडून राहिला. रविवारी सकाळी त्याने बोलून पाहिलं. आवाज घोगरा होता. आयता बसलेला घसा, त्याच्या मनात आलं, आणि या विचाराचीच त्याला इतकी किळस आली की तो उठून तोंड धुवायला गेला. दुपारी तो खाली उतरला, वाण्याच्या दुकानापर्यंत आला, वाणी सवयीने म्हणाला, "काडेपेटी ना?" तिथून तो तडक गादीवाल्याकडे गेला.

काकूंच्या दाराशी आज त्यानेच, न ढोसता, "काकू, मी आलो," म्हटलं. वर गादीवाल्याने दार उघडलं आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की तेवढा वेळ याला वाटलं, माणूस वाईट नाही, एकटा आहे, माझ्यासारखाच. ते खरंही होतं, तीच तर भीती होती. गादीवाल्याने नंबर लावला, घंटी जाऊ लागली तसा फोन याच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. त्या बाईचा आवाज पुन्हा ऐकायची गादीवाल्याची तयारी नव्हती. याने फोन कानाला घट्ट लावला.

"हॅलो," पलीकडून बारीक आवाज आला.

"आई, मी बरा आहे," तो म्हणाला. "घसा बसलाय."

मग ती बाई म्हणाली, "तुम्ही कोण बोलताय?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. पाठ हलली नव्हती.

"मीच, आई."

"नाही हो," ती म्हणाली. रागाने नाही, कोणी पत्ता चुकला तर त्याला सांगावं तशी. "डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. तुम्ही कुणाचे तरी लेक असाल. मी काही करणार नाही, कुणाकडे जाणार नाही. मला फक्त एवढं सांगा, माझा मुलगा गेलाय का? गेला असेल तर हो म्हणा. मी वाट बघणं थांबवेन. फोन ठेवा मग, मी तुमचं नावसुद्धा विचारणार नाही."

एक अक्षर होतं. त्या अक्षराने त्या म्हातारीची सुटका झाली असती आणि कदाचित त्याचीही. तो खिडकीतल्या पाठीकडे बघत राहिला, दुमडलेल्या बाह्यांकडे, खोचलेल्या चादरीकडे, ओट्यावर मांडलेल्या दोन कपांकडे.

"हो, जेवलो," तो मोठ्याने म्हणाला. "तू काळजी करू नकोस, आई."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि तरीही तो थोडा वेळ हं, हं, बरं, असं म्हणत राहिला. शेवटी त्याने फोन खाली घेतला. गादीवाला वळला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"काय म्हणाली?"

"जेवलास का म्हणाली."

"ओळखलं नाही?"

"छे."

गादीवाल्याने सुस्कारा सोडला, येऊन याच्या शेजारी कॉटवर बसला आणि याच्या गळ्यात हात टाकला. बंद खोलीत पहिल्यांदाच तो म्हणाला, "शाबास रे उंटा." त्याच्या अंगाला गाद्यांच्या नव्या कापडाचा वास येत होता. आता हिचा फोन पुन्हा येणार नाही, याच्या मनात आलं, आणि तो आला नाही तर माझं इथे काम काय?

"पुढच्या रविवारीही फोन कर म्हणाली," तो म्हणाला.